पुरळाची जागा, पुरळाची वेळ

डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. या तिन्हींच्या टोकांची कातडी जाड आणि कोरडी झालेली, तिला बारीक भेगा पडलेल्या, मीठ किंवा लिंबू लागलं की झोंबणारी. उजवा हात मात्र स्वच्छ. अशा वेळी घरचे म्हणतात, भांड्यांचा साबण बदलून बघ. पण भांडी घासताना साबण दोन्ही हातांना लागतो. दोष साबणाचा असता तर त्याची खूण दोन्ही हातांवर, विशेषतः बोटांच्या बेचक्यांत आणि अंगठीखाली, जिथे ओल टिकून राहते तिथे दिसली असती. एकाच हाताची तीन बोटं निवडणारी वस्तू कुठली, असा प्रश्न विचारला की उत्तर स्वयंपाकघरातच सापडतं. उजव्या हातात सुरी धरणारा माणूस लसणीची पाकळी नेमक्या याच तीन बोटांच्या टोकांत धरतो. लसणीत डायॲलिल डायसल्फाइड नावाचं गंधकयुक्त द्रव्य असतं, आणि त्याच्या ॲलर्जीचं वर्णन त्वचारोगाच्या पुस्तकांत या तीन बोटांवरूनच केलेलं असतं. डावखुऱ्या माणसात हीच बोटं उजव्या हाताची असतील. विळीवर चिरणाऱ्या बाईची पकड वेगळी असते, म्हणून तिला आधी विचारायला हवं, की लसूण सोलता-चिरता कशी?

इथे कुठलीही तपासणी झालेली नाही, तरी संशयितांची यादी शंभरावरून दोन-तीनांवर आली. अकारण वाटणाऱ्या पुरळाचा उलगडा बहुतेक वेळा असाच होतो. पुरळ नेमकं कुठे आहे, ते कधी येतं आणि कधी जातं, आणि आसपास आणखी कुणाला आहे, या तीन गोष्टी आधी वाचायच्या. तपासण्या त्यानंतर, आणि त्याही नेमका प्रश्न हातात घेऊन करायच्या. आपल्याकडे हा क्रम बऱ्याचदा उलटा चालतो. आधी औषधाच्या दुकानातून मलम येतं, मग वांगी, अंडी, मासे बंद होतात, मग रक्ताच्या महागड्या तपासण्या होतात, आणि सगळं थकल्यावर कुणीतरी विचारतं, 'तुम्ही काम काय करता?' हा शेवटचा प्रश्न पहिला असायला हवा. कारण शोधताना माणूस साहजिकच आपल्या आठवणीवर विसंबतो, आणि पुरळाच्या बाबतीत आठवण फार कच्ची साक्षीदार ठरते. असं का होतं, हे त्वचेच्या कामाच्या पद्धतीतच दडलेलं आहे.

त्वचेवरच्या ॲलर्जीचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि त्यांची घड्याळं निराळी आहेत. पहिला प्रकार म्हणजे अंगावर पित्त उठतं तो. लालसर, फुगीर गांधी उठतात, भयंकर खाजतात, आणि एका जागची गांध साधारण चोवीस तासांच्या आत मागमूस न ठेवता विरून जाते. तोवर दुसरीकडे नवी उठलेली असते. हा प्रकार ॲलर्जीमुळे झाला असेल तर कारण आणि परिणाम यांत काही मिनिटांचं, फार तर एक-दोन तासांचं अंतर असतं. दुसरा प्रकार स्पर्शातून होणाऱ्या इसबाचा. यात पांढऱ्या पेशींची एक तुकडी आधीच्या संपर्कातून त्या द्रव्याला ओळखायला शिकलेली असते. द्रव्य पुन्हा त्वचेवर आलं की या पेशी तिथे जमा व्हायला एक ते तीन दिवस लागतात. म्हणजे रविवारी लागलेल्या वस्तूचं पुरळ मंगळवारी दिसतं, आणि माणूस मात्र मंगळवारी सकाळी काय खाल्लं ते आठवत बसतो. गाफीलपणा म्हणून याचा दोष रुग्णाला देता येणार नाही. ज्या घटनेनंतर लगेच काही झालं नाही, ती घटना लक्षात ठेवण्याचं कुणालाच कारण नसतं.

आठवण दुसऱ्याही बाजूने फसवते. 'हा साबण तर मी वीस वर्षं वापरतो' किंवा 'हा डाय मी नेहमीचाच लावते' असं म्हणून माणूस जुन्या वस्तूला संशयातून वगळतो आणि नव्याच्या मागे लागतो. स्पर्शाची ॲलर्जी मात्र जन्मजात नसते, ती पुनःपुन्हा झालेल्या संपर्कातून घडत जाते. वर्षानुवर्षं सोसलेली वस्तू एके दिवशी सोसेनाशी होते आणि ती ओळख पुढे सहसा आयुष्यभर टिकते. केसांच्या काळ्या डायमधलं पॅराफेनिलिनडायमिन हे याचं चांगलं उदाहरण. खरी मेंदी रंगायला काही तास घेते आणि तिचा रंग केशरी ते तपकिरी असतो. लग्नसराईत किंवा जत्रेत थोड्या वेळात कुळकुळीत काळी रंगणारी 'काळी मेंदी' लावतात तिच्यात बहुधा हेच द्रव्य मिसळलेलं असतं. लहानपणी हातावर काढलेल्या अशा नक्षीतून शरीराला त्याची ओळख पटू शकते, आणि पुढे कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा केस रंगवले की कपाळाची कड, कान आणि मान सुजून पापण्या मिटतात. या दोन घटनांचा संबंध रुग्णाला आपणहून सुचणं जवळजवळ अशक्य आहे. तो जोडायला विचारणारा माणूस लागतो.

खरजेच्या बाबतीत हे घड्याळ किती दिशाभूल करतं, हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केनेथ मेलनबी यांनी इंग्लंडमध्ये शेफील्ड इथे प्रयोगांनी दाखवून दिलं. सदसद्विवेकापोटी सैन्यात जायला नकार दिलेले तरुण स्वयंसेवक म्हणून पुढे आले आणि त्यांनी स्वतःच्या अंगावर खरजेचे किडे घेतले. पहिल्यांदा लागण झालेल्यांना सुमारे महिनाभर खाज आलीच नाही. ज्यांना आधी खरूज होऊन गेली होती त्यांना नवी लागण होताच एखाद्या दिवसात खाज सुटली. खरजेच्या रुग्णांची पांघरुणं आणि न धुतलेले कपडे वापरूनही फार थोड्यांना लागण झाली. ती पसरत होती मुख्यतः निकटच्या, बराच वेळ टिकणाऱ्या अंगस्पर्शातून. आणि अंगभर खाजवणाऱ्या माणसाच्या शरीरावर किडे असत ते सरासरी दहा-बाराच. खाज किड्यांच्या संख्येमुळे येत नव्हती, शरीराच्या प्रतिक्रियेमुळे येत होती. घरात एकाला रात्री जास्त खाज सुटत असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटाच्या आतल्या बाजूला, बेंबीभोवती बारीक पुटकुळ्या असतील, तर इतरांना अजून खाज नसली तरी सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावायचं असतं, ते या महिन्याभराच्या मुदतीमुळे. 'मला काहीच होत नाही' म्हणणारा घरातला माणूस पुढच्या महिन्यात तीच खरूज सगळ्यांना परत देतो.

जागेचा पुरावा वाचतानाही थोडी सावधगिरी लागते. पापण्यांवर पुरळ आलं की काजळ आणि क्रीम यांच्यावर संशय जातो. नेलपॉलिशची ॲलर्जी मात्र नखांभोवती न दिसता पापण्यांवर आणि मानेवर दिसू शकते, कारण पापणीची कातडी शरीरात सगळ्यांत पातळ आणि ओलं नेलपॉलिश लावलेली बोटं नकळत चेहऱ्याला लागत राहतात. पोटावर बेंबीखाली येणारा खाजरा चट्टा पट्ट्याच्या बकलातल्या किंवा जीन्सच्या धातूच्या बटणातल्या निकेलचा असू शकतो. पावलाच्या वरच्या भागावर चपलेच्या पट्ट्याचा आकार उमटला असेल तर रबरातली रसायनं किंवा चामडं कमावण्यासाठी वापरलेला क्रोमेट यांचा विचार करावा लागतो. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा एक सेंटिमीटरभर लांबीचा, काळा-नारिंगी पट्ट्यांचा पेडेरस हा भुंगेरा चावत नाही, पण अंगावर चिरडला गेला की त्याच्या शरीरातल्या रसाने भाजल्यासारखा लांबट चट्टा उठतो. तो कोपराच्या आतल्या घडीत असेल तर घडी मिटल्यावर समोरच्या कातडीवरही त्याचा हुबेहूब ठसा उमटतो. लोक याला नागीण समजून घाबरतात, आणि नागिणीसारखंच हेही पुरळ शरीराच्या एका बाजूला असू शकतं. पण नागीण मज्जातंतूच्या वाटेने पट्ट्यासारखी पसरते आणि बहुधा पुरळाच्या आधी दुखायला लागते. हा भुंगेरा मात्र सकाळी उठल्यावर आपली निशाणी दाखवतो.

महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासातला पुरळाचा सगळ्यांत मोठा उलगडा पुण्यातला आहे. गाजर गवत, ज्याला आपल्याकडे काँग्रेस गवत असंही म्हणतात, ते मूळचं अमेरिका खंडातलं. भारतात त्याची ठळक नोंद 1950 च्या दशकाच्या मध्यात पुण्यात झाली, आणि परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं असावं असं मानलं जातं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत पुणे परिसरातल्या माणसांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर एक चिवट इसब दिसू लागलं. रुग्ण बहुतेक शेतात किंवा उघड्यावर काम करणारे पुरुष. उघड्या अंगावर पुरळ म्हटलं की पहिला संशय उन्हावर जातो, आणि इथेच जागेचा बारकाईने केलेला अभ्यास कामाला येतो. उन्हाने होणारं पुरळ सावलीतल्या जागा सोडतं. वरची पापणी, हनुवटीखालचा भाग, कानामागची घडी तिथे सुटतात. या रुग्णांत नेमक्या त्याच जागा धरलेल्या होत्या. मानेच्या, कोपराच्या, गुडघ्यामागच्या घड्यांमध्ये कातडी जाड होऊन काळवंडलेली असे. ऊन घडीत शिरत नाही, हवेतून येणारी धूळ मात्र घडीत साचते आणि घामाने तिथेच चिकटते. पुण्याच्या डॉ. लोणकर आणि डॉ. जोग यांनी 1968 मध्ये या वनस्पतीमुळे होणाऱ्या त्वचारोगाची नोंद प्रसिद्ध केली, आणि 1974 मध्ये लोणकरांनी मिचेल व कॅलनन या परदेशी त्वचारोगतज्ज्ञांबरोबर त्यावर सविस्तर लिहिलं. वाळलेल्या गवताच्या सूक्ष्म लवेत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. हात न लावताही ते वाऱ्याबरोबर येऊन अंगावर बसतं.

यावर कुणी म्हणेल, की जागेचा नियम इतका पक्का असेल तर गाजर गवताच्या जुन्या रुग्णांत उन्हाने आग का वाढते? आक्षेप रास्त आहे. बरीच वर्षं हा त्रास सोसलेल्या काही रुग्णांची त्वचा पुढे खरोखरच प्रकाशालाही असहिष्णू होते, आणि मग दोन्ही नकाशे एकमेकांवर छापल्यासारखे दिसतात. म्हणूनच जागेबरोबर वेळही विचारावी लागते. त्रास सुरू झाला तेव्हा कुठे होता, कुठल्या ऋतूत वाढत होता, गवत नसलेल्या गावी काही आठवडे राहिल्यावर कमी झाला का? रोगाची सुरुवात जितकी प्रामाणिक असते तितका त्याचा दहा वर्षांनंतरचा चेहरा नसतो. उशीर झाला की पुरावा पुसट होतो, आणि लवकर विचारण्याचं महत्त्व याच कारणाने आहे.

बिब्ब्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. बिब्ब्याचा काळा चीक कपड्यावर पडला की धुतल्याने जात नाही, म्हणून धोबी त्याने कपड्यांवर खुणा करीत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेच्या मागे, कंबरेवर छोटे खाजरे चट्टे उठू लागले. 1943 मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं कारण प्रसिद्ध झालं. चट्टे बरोबर तिथे होते जिथे सदऱ्याच्या कॉलरवरची आणि चड्डीच्या पट्टीवरची धोब्याची खूण अंगाला लागत होती. बिब्ब्यातली द्रव्यं अमेरिकेतल्या पॉयझन आयव्ही या वेलीच्या चिकाशी रासायनिकदृष्ट्या जवळची आहेत, त्यामुळे मायदेशी त्या वेलीची ॲलर्जी झालेल्या सैनिकाला भारतातली एक खूणही पुरेशी होती. याच वनस्पतिकुळात काजू येतो आणि आंबाही येतो. कोकणात आणि गोव्यात काजू फोडणाऱ्या बाया हातांना राख किंवा तेल लावतात ते टरफलातल्या दाहक तेलापासून वाचण्यासाठी. आंब्याच्या दिवसांत ओठांभोवती जे पुरळ उठतं त्याला आपण 'आंबा उष्ण पडला' म्हणतो. अनुभव खरा असतो. पण अनेकदा त्रास देतो तो देठाजवळचा आणि सालीतला चीक. साल दाताने ओढून खाणाऱ्याच्या ओठांना तो लागतो आणि एक-दोन दिवसांनी पुरळ दिसतं. फळ नीट धुऊन, दुसऱ्याने सोलून दिलेल्या फोडी खाल्ल्या तर यांतल्या पुष्कळांना काही होत नाही. 'काय खाल्लं' याऐवजी 'कसं खाल्लं' असं विचारलं की एका माणसाचा आख्खा मोसम वाचतो.

तिसरी खूण सोबतीची, म्हणजे आणखी कुणाला झालं याची. 2007-08 च्या सुमारास फिनलंड आणि ब्रिटनमध्ये शेकडो लोकांच्या पाठीवर, नितंबांवर आणि मांड्यांच्या मागच्या बाजूला तीव्र इसब उठलं. वयं वेगळी, कामं वेगळी, खाणं वेगळं. समान धागा एकच, घरात आलेली चिनी बनावटीची नवी खुर्ची किंवा सोफा. संशय घेता येण्याजोग्या गोष्टी बऱ्याच होत्या. चामडं, रंग, शिवण, फोम. फिनलंडमधले टॅपिओ रांतानेन यांनी अंदाजावर न थांबता सोफ्याच्या आच्छादनाचे तुकडेच रुग्णांच्या पाठीवर चिकटवून पाहिले, मग त्यातली द्रव्यं वेगळी करून एकेक तपासली. शेवटी सापडलं ते डायमिथाइल फ्युमरेट. समुद्रप्रवासात बुरशी लागू नये म्हणून त्याच्या पुड्या आच्छादनाच्या आत ठेवलेल्या असत, आणि बसणाऱ्याच्या अंगाच्या उबेने त्याची वाफ कापडातून, कपड्यांतून कातडीपर्यंत पोचत असे. काही रुग्णांची त्वचा दहा लाखांत एक भाग इतक्या विरळ प्रमाणालाही पेटून उठली. 2009 मध्ये युरोपीय संघाने हे द्रव्य असलेल्या वस्तूंवर बंदी घातली. एकाच रुग्णाकडे पाहून कुणी सोफ्यापर्यंत पोचलं नसतं. नकाशा अनेकांच्या पाठीवर सारखाच छापलेला होता म्हणून शोधाला दिशा मिळाली.

रांतानेन यांनी वापरलेली पद्धत शंभराहून जास्त वर्षं जुनी आहे. योसेफ याडासोन यांनी 1895 मध्ये पाऱ्याच्या मलमाने पुरळ आलेल्या रुग्णांच्या निरोगी कातडीवर तेच द्रव्य लावून पुरळ पुन्हा उठवून दाखवलं, आणि पॅच टेस्टचा जन्म झाला. आज या चाचणीत पाठीवर नखाएवढ्या छोट्या ॲल्युमिनियमच्या वाट्यांच्या ओळी चिकटपट्टीने बसवतात. प्रत्येक वाटीत एकेक संशयित द्रव्य, बहुधा व्हॅसलिनमध्ये मिसळलेलं. निकेल, क्रोमेट, सुगंधी द्रव्यं, रबरातली रसायनं, डायमधलं पॅराफेनिलिनडायमिन, आणि भारतीय संचात गाजर गवताचा अर्कही. पट्ट्या अठ्ठेचाळीस तास ठेवतात. त्या काळात पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम टाळायचं, म्हणून आपल्याकडे ऐन उन्हाळ्यात ही चाचणी अवघड जाते. पट्ट्या काढल्यावर एकदा पाहतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. दुसरं वाचन टाळलं तर चाचणी अर्धी राहते, कारण काही प्रतिक्रिया उशिराच येतात आणि नुसत्या चरचरण्याने आलेला लालसरपणा तोवर ओसरतो. खरी प्रतिक्रिया बोटाला फुगीर लागते, तिच्यावर बारीक पुटकुळ्या दिसतात.

इतकी चांगली चाचणी असताना जागा, वेळ, सोबत यांची उठाठेव कशाला, सरळ सगळ्यांचीच पॅच टेस्ट का करू नये, असा प्रश्न विचारला जातो. कारण चाचणी फक्त एवढंच सांगते, की या त्वचेला हे द्रव्य ओळखीचं आहे. आजचं पुरळ त्यानेच उठवलं का, हे ती सांगत नाही. मुख्यतः पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांनुसार सर्वसाधारण लोकांतल्या साधारण पाचातल्या एकाला कसली ना कसली स्पर्शाची ॲलर्जी सापडते, आणि यांतल्या पुष्कळांच्या अंगावर त्या घडीला काहीही नसतं. कृत्रिम दागिन्यांमुळे निकेलची ॲलर्जी असलेल्या बाईच्या तळपायावरच्या पुरळाचं खापर निकेलवर फोडलं तर ती कानातले काढून ठेवील आणि पाय तसाच खाजत राहील. अंगभर पुरळ पेटलेलं असताना चाचणी केली तर पाठ सगळ्यालाच चिडते आणि खोटे होकार येतात. उलट रुग्णाच्या चपलेतलं नेमकं रसायन संचात नसेल तर खोटा नकार येतो. म्हणून डॉक्टरांनी 'होकार' वाचल्यावर तीन गोष्टी जुळवायच्या असतात. हे द्रव्य रुग्णाच्या रोजच्या वापरात आहे का, पुरळाच्या जागी ते पोचतं का, आणि ते थांबवल्यावर काही आठवड्यांत त्वचा सुधारते का? तिन्ही जुळलं तर कारण सिद्ध झालं म्हणावं. एखादं क्रीम किंवा लोशन संशयित असेल तर ते कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी, दिवसातून दोनदा आठवडाभर लावून पाहता येतं. डाय, फिनाइल, सिमेंट, ॲसिड असल्या गोष्टींवर हा प्रयोग घरी करू नये, कारण त्या ॲलर्जी नसतानाही कातडी जाळतात.

खाण्याविषयीचा आक्षेप सगळ्यांत मोठा, कारण तो प्रत्येक घरात आहे. अन्नाने पुरळ येतंच नाही असं मुळीच नाही. शेंगदाणे, कोळंबी, अंडं, दूध यांनी काही मिनिटांत गांधी उठू शकतात, ओठ सुजू शकतात, श्वास अडकू शकतो, आणि हे गंभीर असतं. पण ही गाठ सहसा इतकी घट्ट आणि लगेचची असते, की ती रुग्णालाच दिसते. महिनोन्‌महिने चाललेल्या, कोपऱ्याकोपऱ्यांत खाजणाऱ्या इसबाचं मूळ शंभर खाद्यपदार्थांच्या रक्ततपासणीत सापडण्याची शक्यता फार थोडी. ती तपासणी तात्काळ ॲलर्जीची प्रतिपिंडं मोजते, आणि ती कित्येक निरोगी माणसांतही सापडतात. आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजून अन्नाची 'असहिष्णुता' सांगणाऱ्या तपासण्या निदानासाठी वापरू नयेत असं ॲलर्जीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटना स्पष्ट सांगतात. त्यातून निघणाऱ्या लांबलचक याद्यांपायी लहान मुलांचं दूध, अंडं, डाळ बंद होते; पुरळ तसंच राहतं आणि मूल मात्र खंगतं. अन्नावर संशय असेल तर एक पदार्थ ठरावीक काळ बंद करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा देऊन पाहणं हाच पुरावा.

गोळ्यांकडे मात्र याच्या उलट फार कमी लक्ष जातं. ओठावर, हातावर किंवा गुप्तांगावर जांभळट-काळा गोल चट्टा उठतो, जातो, आणि काही महिन्यांनी हुबेहूब त्याच जागी परत येतो. एवढी जागेची निष्ठा औषधाच्या एका विशिष्ट प्रतिक्रियेत दिसते, आणि तिच्यामागे बहुधा जुलाबाची किंवा दुखण्याची अधूनमधून घेतलेली गोळी असते. 'काही औषध चालू आहे का' याचं उत्तर रुग्ण 'नाही' असं देतो, कारण गरजेपुरती घेतलेली गोळी त्याच्या लेखी औषध नसते. नवं औषध सुरू झाल्यावर पंधरवड्याच्या आसपास अंगभर पुरळ आलं, त्यात ताप असेल, तोंडात किंवा डोळ्यांत फोड येत असतील, कातडी दुखरी होऊन सुटत असेल, तर कारण शोधत घरी बसायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

'कारण कळून तरी काय, मलमाने बरं होतंय ना,' असं पुष्कळ जण म्हणतात. गेल्या काही वर्षांतली गजकर्णाची साथ हे या युक्तिवादाचं उत्तर आहे. दुकानात सहज मिळणाऱ्या मलमांत तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि जंतुनाशक एकत्र असतात. गजकर्णाची ओळख त्याच्या उठावदार, खवल्यांच्या गोल कडेवरून पटते. स्टेरॉइडने खाज लगेच थांबते आणि ती कडही पुसली जाते; बुरशी आत पसरत राहते. मलम थांबवलं की दुप्पट जोराने परत येते. भारतीय उपखंडात रुजलेल्या, नेहमीच्या टर्बिनाफिन गोळ्यांना अनेकदा दाद न देणाऱ्या बुरशीला 2020 मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव मिळालं आणि आता ती इतर खंडांतही आढळते. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशा कितीतरी स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी विक्री थांबलेली नाही. खरं तर चट्ट्याच्या कडेचे खवले काचेवर घेऊन, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर बुरशीचे धागे तिथल्या तिथे दिसतात. इतक्या स्वस्त तपासणीआधी मलम लावणं म्हणजे पुराव्यावर पाणी ओतणं. मलमातल्या निओमायसिनची स्वतंत्र ॲलर्जी होते ती वेगळीच. आणि जो फिकट किंवा लालसर चट्टा खाजतच नाही, टोचलेलं तिथे जाणवत नाही, त्याला तर कुठलंच मलम न लावता कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. तो आजार औषधांनी पूर्ण बरा होतो.

शोध घेऊनही बाहेरचं कारण सापडत नाही असेही रुग्ण आहेत, आणि त्यांची संख्या थोडी नाही. सहा आठवड्यांहून जास्त काळ उठत राहणाऱ्या पित्तात बहुतेकांना कसलीच ॲलर्जी नसते. अनेकांत शरीराची स्वतःचीच प्रतिपिंडं त्वचेतल्या पेशींना चेतवत असतात. मग जागा-वेळेची ही सगळी मांडणी तिथे निरुपयोगी ठरते का? माझ्या मते तिचा सगळ्यांत दयाळू उपयोग तिथेच होतो. एका गांधीभोवती पेनने गोल काढा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. ती विरली असेल, खाली डाग नसेल, तर हे साधं पित्त आहे. खाणं बंद करायचं कारण नाही, गुंगी न आणणाऱ्या गोळ्या नियमित घेऊन ते आटोक्यात राहतं. ती तशीच असेल, दुखत असेल, जाताना जखमेसारखा डाग ठेवत असेल, तर रक्तवाहिन्यांच्या दाहाची शंका येते आणि कातडीचा तुकडा तपासावा लागतो. लहान मुलांच्या आनुवंशिक इसबातही एकच गुन्हेगार नसतो. कोरडी त्वचा, घाम, लोकरी कपडा, सर्दी अशा अनेक गोष्टी मिळून ते भडकवतात. 'बाहेर कारण नाही' हे पुराव्यानिशी सांगितलेलं उत्तर रुग्णाला नुसतं 'ॲलर्जी आहे' म्हणण्यापेक्षा कितीतरी मोकळं करतं.

सरकारी रुग्णालयातल्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाला दोन-तीन मिनिटं मिळतात, तिथे एवढं विचारणार कोण, हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो, कारण तो खरा आहे. त्यावरचा थोडा भार रुग्णाला उचलता येतो. पुरळ ताजं असताना मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण डॉक्टरांकडे जाईपर्यंत ते बदललेलं असतं. पुरळ दिसण्याआधीच्या तीन दिवसांत अंगाला काय लागलं ते लिहावं, त्यात काम, छंद, देवपूजेचं कुंकू, टिकली, नवऱ्याचं आफ्टरशेव्ह, घरगुती लेप, सगळं यावं. वापरात असलेली मलमं आणि गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात. सुट्टीत बरं वाटतं का, घरात आणि कामाच्या ठिकाणी कुणाला असंच आहे का, याचं उत्तर तयार ठेवावं. दोन मिनिटांतही मग बरंच साधतं.

एका रुग्णाचं कारण नीट सापडलं की त्याचा फायदा दुसऱ्यांनाही मिळतो. कापसाच्या बोळ्यावर डायमिथाइलग्लायॉक्झाइमच्या द्रावणाचे थेंब घेऊन दागिन्यावर घासलं आणि बोळा गुलाबी झाला, तर त्यातून निकेल सुटतंय हे लगेच कळतं. डेन्मार्कने 1990 मध्ये आणि युरोपीय संघाने 1994 मध्ये कातडीला लागणाऱ्या वस्तूंमधून सुटणाऱ्या निकेलवर मर्यादा घातली आणि तिथल्या तरुण मुलींमधली निकेलची ॲलर्जी कमी झाली. सिमेंटच्या ओल्या कालवणातला क्रोमेट गवंड्याच्या हातांना आयुष्यभराचं इसब देतो. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून डेन्मार्कमध्ये सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळून हा क्रोमेट निकामी केला जाऊ लागला, बांधकाम मजुरांमधलं हे इसब घटलं, आणि 2005 पासून युरोपीय संघात दहा लाखांत दोन भागांहून जास्त असा क्रोमेट असलेलं सिमेंट विकता येत नाही. आपल्याकडे हाताला भेगा पडलेल्या गवंड्याला बहुधा 'हे काम सोड' असा सल्ला मिळतो, आणि काम सोडणं त्याला परवडत नाही. सिमेंटचं पाणी आत न झिरपणारे हातमोजे त्याला ठेकेदाराने द्यावेत आणि गोणी भरण्याआधी क्रोमेट कारखान्यानेच निकामी करावा, या दोन्ही गोष्टी करता येण्यासारख्या आहेत, आणि त्या मागायला आधी कुणीतरी त्याच्या हातांकडे पाहून विचारावं लागतं, की हे कामाला लागल्यापासून किती दिवसांनी आलं?